सुविचार नको, प्रसंग धरा: सिनेमा, ॲनिमे आणि मांगामधून स्वतःसाठी काही घ्यायचं कसं

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ सालच्या ‘इकिरू’ या सिनेमात वातानाबे नावाचा एक सरकारी अधिकारी आहे. जवळजवळ तीस वर्षं त्याने कागदांवर शिक्के उमटवण्यापलीकडे काही केलेलं नाही. पोटाचा कॅन्सर झालाय हे कळल्यावर उरलेल्या महिन्यांत तो एकच काम हाती घेतो आणि या खात्यातून त्या खात्यात हेलपाटे घालत ते तडीस नेतो. घाण पाण्याचं डबकं बुजवून तिथे तो मुलांसाठी बाग करतो. त्याच्या मृत्यूनंतर सहकारी त्याच्या घरी जमतात. रात्र चढत जाते, दारूही चढते आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की हा माणूस काय करून गेला. मग ते रडतात, गळ्यात गळे घालतात आणि उद्यापासून आपणही असंच जगायचं अशी शपथ घेतात.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते. एक तक्रार येते. नवा साहेब ती नेहमीसारखी दुसऱ्या खात्याकडे ढकलतो. एक जण ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. क्षणभर थांबून तो मुकाट्याने खाली बसतो आणि टेबलावरच्या कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला स्वतःची वही आठवली. तिच्यात वेगवेगळ्या सिनेमांमधली आणि मांगांमधली, म्हणजे जपानी चित्रकथांमधली, वाक्यं मी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली होती. हार मानू नका, स्वतःवर विश्वास ठेवा, मित्र हीच ताकद. त्यातल्या एकाही वाक्याने माझा एकही दिवस बदलला नव्हता. शपथ घेण्याची रात्र मला नीट जमत होती, दुसऱ्या दिवसाची सकाळ मात्र जमत नव्हती.

पुढे मी पद्धत बदलली. वाक्यं टिपणं थांबवलं आणि प्रसंग टिपायला लागलो. एवढ्याने फार फरक पडला. ज्यांना सिनेमा आवडतो, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन आवडतं, ‘यातून खूप शिकायला मिळतं’ असंही वाटतं, पण नेमकं काय आणि कसं हे कळत नाही, त्यांच्यासाठी ती पद्धत पायरी-पायरीने इथे मांडतो.

पहिली पायरी: एकच कलाकृती घ्या, आणि ती संपलेली असू द्या

नवखा माणूस बहुतेक वेळा यादीपासून सुरुवात करतो. ‘आयुष्य बदलणारे पन्नास सिनेमे’ अशी एखादी यादी सापडते आणि मग एकामागून एक ते उरकले जातात. तसं करू नका. जी गोष्ट तुमच्या मनातून आधीच जात नाहीये, तिच्यापासून सुरुवात करा. कधीकाळी पाहिलेला, कारण न कळता डोळ्यांत पाणी आणणारा एखादा सिनेमा असतोच. तोच घ्या. तिथे तुमच्या कामाचं काहीतरी आहे हे तुमच्या मनाने आधीच सांगून ठेवलंय.

तसं काही आठवत नसेल तर दोन तासांचा ॲनिमे सिनेमा सर्वांत सोयीचा. मांगा घ्यायचा असेल तर पूर्ण झालेला घ्या. १९९७ मध्ये सुरू झालेला ‘वन पीस’ शंभराहून अधिक खंडांवर गेला आहे. तो मनापासून वाचावा असाच आहे, पण या अभ्यासाची सुरुवात म्हणून घेऊ नका. कारण पात्राने घेतलेल्या निर्णयाचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय त्या निर्णयाचं वजन करता येत नाही. योशितोकी ओइमा यांचा ‘अ सायलेंट व्हॉइस’ सात खंडांत पूर्ण होतो. तेवढा आवाका पहिल्या खेपेला पुष्कळ झाला.

मांगा पहिल्यांदाच हातात घेत असाल तर तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. पानावरच्या चौकटीही उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होतात. वीसेक पानांत डोळे सरावतात. शोनेन म्हणजे मुख्यतः किशोरवयीन मुलांसाठीचा आणि सेइनेन म्हणजे प्रौढ पुरुष वाचक समोर ठेवून काढलेला मांगा. सेइनेनमध्ये हिंसा आणि लैंगिक प्रसंग बऱ्याचदा उघडपणे येतात, तेव्हा घरातल्या लहान मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः चाळून बघा.

दुसरी पायरी: पहिल्यांदा नुसतं बघा

वही बंद, फोन लांब. पहिल्या खेपेला काही शोधायचं नाही. धडा शोधायला बसलेला माणूस सिनेमा बघतच नाही, तो तपासणी करतो, आणि तपासणीला बसलेल्यासमोर कुठलीच गोष्ट मन मोकळं करत नाही.

दीडपट वेगाने बघू नका, हेही इथेच सांगतो. ॲनिमे सिनेमांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी एका मुलाखतीत टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या आणि दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, तो ‘मा’, असं समजावलं होतं. त्यांच्या सिनेमांत पात्रं मध्येच नुसती बसतात, पाण्याकडे बघतात, उसासा टाकतात. पात्र बदलतं ते बऱ्याचदा अशाच जागी. वेग वाढवला की पहिल्यांदा ही जागा जाते.

तिसरी पायरी: दुसऱ्या दिवशी एक प्रसंग लिहून काढा

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी स्वतःला विचारा, डोळ्यांसमोर काय येतंय? कथानक नको, संदेश नको, फक्त चित्र. जो प्रसंग न बोलावता येतो तो आठ-दहा ओळींत लिहा. नियम एकच: कुणी काय केलं, काय पाहिलं, काय बोललं, तेवढंच लिहायचं. ‘धाडसी’, ‘प्रेरणादायी’, ‘जिद्दीने’ असे शब्द वर्ज्य.

मियाझाकींच्या २००१ सालच्या ‘स्पिरिटेड अवे’मधला प्रसंग घेऊन दाखवतो. दहा वर्षांची चिहिरो देवदेवतांच्या स्नानगृहात कामाला लागली आहे. एके रात्री चिखलाने लडबडलेला, भयंकर दुर्गंधी सुटलेला एक पाहुणा येतो. सगळे नाक दाबून मागे सरतात आणि सर्वांत नवी म्हणून त्याची अंघोळ तिच्या गळ्यात पडते. मी वहीत एवढंच लिहिलं होतं:

‘ती चिखलातून वाट काढत पाण्याची दोरी ओढायला जाते. घसरून पडते. पाहुण्याच्या अंगाजवळ गेल्यावर तिच्या हाताला काहीतरी लागतं. ती थांबते. पुन्हा चाचपते. काटा रुतलाय असं वाटतं, असं ती ओरडून सांगते. दोर येतो, ती तो बांधते, सगळे मिळून ओढतात. आधी सायकल बाहेर येते. तिच्यामागून कचऱ्याचा ढीग. पाहुणा म्हणजे खरं तर नदीचा देव असतो.’

आता याच प्रसंगाचा सुविचार करून बघा. ‘कुठलंही काम कमी लेखू नये’ किंवा ‘मेहनतीचं फळ मिळतंच’ असं काहीतरी हाती लागेल. वाक्य खरं आहे, पण त्याचं करायचं काय?

उलट लिहिलेल्या ओळी पुन्हा वाचा. मेहनत तर तिथले सगळेच करत होते. वेगळं घडलं ते एवढंच, की तिच्या हाताला काही लागलं तेव्हा ती थांबली, तिने पुन्हा चाचपून पाहिलं आणि सर्वांत नवी असूनही मोठ्याने सांगितलं. ज्याला सगळे घाण समजत होते, त्याच्या अंगात काहीतरी रुतलेलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला माझ्या कामावरचा एक माणूस आठवला. तो सतत चिडलेला असायचा आणि आम्ही सगळे त्याला टाळायचो. याला काय रुतलंय, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. सुविचारातून मी त्याच्यापर्यंत कधीच पोचलो नसतो. हाताला लागलेल्या सायकलीमुळे पोचलो.

ती सायकलही खरी आहे. मियाझाकींनी स्वतः एका नदीच्या सफाईत भाग घेतला होता आणि पाण्यातून सायकल ओढून काढली होती. त्या अनुभवावरून हा प्रसंग आला असं त्यांनी सांगितलंय. असे तपशील मुद्दाम शोधायची गरज नाही, पण कळले तर प्रसंगाकडे अधिक जवळून बघता येतं.

चौथी पायरी: पात्राला हवंय काय आणि त्याची गरज कशाची

पटकथा लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात हा भेद रोजच्या बोलण्यातला आहे. पात्र ज्याच्यामागे धावतं ते एक, आणि ज्यावाचून त्याचं अडलेलं असतं ते दुसरं. या दोघांतलं अंतर ओळखता आलं की गोष्ट उलगडते.

‘अ सायलेंट व्हॉइस’चा नायक शोया. शाळेत असताना त्याने शोको नावाच्या कर्णबधिर मुलीचा छळ केलेला असतो. पुढे तोच एकटा पडतो. मोठा झाल्यावर तो सांकेतिक भाषा शिकून तिच्यासमोर उभा राहतो. त्याला हवी असते केलेल्याची भरपाई. पण नाओको यामादा यांनी २०१६ मध्ये केलेल्या सिनेमात एक गोष्ट सतत दिसत राहते: शोयाच्या आजूबाजूच्या माणसांच्या चेहऱ्यांवर फुल्या मारलेल्या आहेत. तो मान खाली घालून चालतो, कुणाकडे बघत नाही, कुणाचं ऐकत नाही. म्हणजे भरपाई करायला निघालेला हा मुलगा समोरच्याचं ऐकून घेण्याच्या स्थितीतच नाही. त्याची गरज मान वर करण्याची आहे. शेवटी त्या फुल्या गळून पडतात, आजूबाजूचे आवाज एकदम आत येतात आणि तो रडतो.

हे बघितल्यावर वहीत दोन ओळी लिहा. पात्राला हवं होतं ते एक, गरज होती ते दुसरं. त्याखाली स्वतःसाठी त्याच दोन ओळी. दुसरी ओळ लगेच सुचणार नाही. ती रिकामी ठेवा, कित्येकदा ती भरायला आठवडे लागतात. घाईघाईने भरलेली ओळ बहुतेक वेळा पहिलीचीच नक्कल असते.

पाचवी पायरी: किंमत विचारा

लोकप्रिय गोष्टींमधून शिकताना सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून हे मी आग्रहाने सांगतो.

१९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’ या मांगा छापणाऱ्या जपानी नियतकालिकाची, जे पुढच्याच वर्षापासून साप्ताहिक झालं, तीन ब्रीदं प्रसिद्ध आहेत: मैत्री, मेहनत, विजय. ‘ड्रॅगन बॉल’, ‘नारुतो’, ‘वन पीस’, ‘स्लॅम डंक’ सगळे याच साप्ताहिकातले. अंकासोबत वाचकांसाठी मतपत्रिका असते आणि ज्या मालिका मतांमध्ये मागे पडतात त्या काही महिन्यांतसुद्धा गुंडाळल्या जातात. म्हणजे मेहनत केली की विजय मिळतो, हा त्या साच्याचाच भाग आहे. तो साचा वाईट नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्याने पडत्या काळात उभं केलंय. पण तिथे विजय ठरलेला असतो, आणि आपल्या आयुष्यात तो कुणी ठरवून ठेवलेला नसतो, हे ध्यानात ठेवूनच त्यातून घ्यायचं.

म्हणून निकालाकडे न बघता मेहनतीचा आकार बघा. ताकेहिको इनोउए यांचा ‘स्लॅम डंक’ १९९० ते १९९६ दरम्यान आला. त्याचा नायक साकुरागी एका मुलीवर छाप पाडण्यासाठी बास्केटबॉलच्या संघात शिरतो. सुरुवातीला त्याला मैदानाच्या कडेला उभं करून नुसता चेंडू आपटायला लावतात. तो वैतागून निघून जातो, परत येतो. पुढे राष्ट्रीय स्पर्धेआधी प्रशिक्षक त्याच्याकडून साध्या उडीच्या शॉटचा सराव करून घेतात. किती? वीस हजार वेळा. त्याचे मित्र त्याचं चित्रीकरण करतात आणि तो स्वतःचं चुकणं पडद्यावर बघतो.

इथे पेन्सिल घेऊन हिशेब करा. दिवसाला दोनशे वेळा एखादी गोष्ट केली तर वीस हजार व्हायला शंभर दिवस लागतात. सिनेमात अशा शंभर दिवसांचं दीड मिनिट होतं, वर गाणंही असतं. ते दीड मिनिट बघून आपण तिसऱ्या दिवशी निराश होतो, कारण आपल्याला अजून गाणं ऐकू आलेलं नसतं. कुठलाही सरावाचा प्रसंग आवडला की त्याचे दिवस मोजायची सवय लावा. आकडा दिसला की निराशा बरीच ओसरते.

आणि ‘स्लॅम डंक’चा शेवटही विसरू नका. देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाविरुद्ध तो अविस्मरणीय सामना ते जिंकतात, ज्याचे शेवटचे क्षण इनोउए यांनी जवळपास शब्दांशिवाय काढलेत, आणि त्याच्या पुढचाच सामना ते सपशेल हरतात. विजयाच्या शिखरावर गोष्ट थांबवायला नकार देणारा तो शेवट मला त्यातल्या कुठल्याही विजयापेक्षा जवळचा वाटतो.

‘रॉकी’चंही तसंच. १९७६ सालच्या त्या सिनेमात सराव करताना हा मुष्टियोद्धा ज्या पायऱ्या धावत चढतो, त्या सगळ्यांना आठवतात. पण पहिल्या खेपेला तो त्याच पायऱ्या धापा टाकत, कसाबसा चढतो, आणि शेवटच्या लढतीत तो हरतो. आदल्या रात्रीच त्याने स्वतःशी ठरवलेलं असतं की पंधरा फेऱ्या उभं राहायचं, बस्स. जे त्याच्या हातात होतं तेच त्याने ध्येय म्हणून घेतलं. हा तपशील सुटला की ‘रॉकी’मधून चुकीचाच धडा घरी येतो.

किंमत विचारताना आणखी एक प्रश्न असतो: ती कुणी मोजली? २०१४ सालचा ‘व्हिप्लॅश’ बघून अनेक जण म्हणतात, असा कडक गुरू मिळायला हवा. तो सिनेमा पुन्हा बघा आणि त्यातल्या ड्रम शिकणाऱ्या अँड्र्यूने काय काय गमावलं ते क्रमाने लिहा. प्रेम तो स्वतःहून तोडतो. हाताची कातडी सोलवटलेली असते. अपघातातून रक्तबंबाळ होऊन बाहेर येतो आणि तसाच मंचावर धावतो. त्या गुरूच्या एका माजी विद्यार्थ्याचा शेवट कसा झाला तेही लिहा. मग शेवटचं वादन ऐका. अंगावर काटा येतोच, माझ्याही येतो. पण अंगावर काटा येणं आणि ती वाट धरावीशी वाटणं यांत फरक करता आला पाहिजे, आणि तो फक्त यादी लिहूनच करता येतो.

जी पात्रं चुकतात, त्यांच्यापासून घ्यायची तर वेगळी युक्ती आहे. त्यांच्या कृती बाजूला ठेवा आणि ती स्वतःला देतात ती कारणं टिपा. २००३ ते २००६ दरम्यान आलेल्या ‘डेथ नोट’मध्ये हुशार, सालस दिसणाऱ्या लाइटच्या हाती नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही येते. पहिल्या मृत्यूंनंतर तो हादरतो. मग स्वतःला समजावतो: जग सडलंय, कुणीतरी हे करायलाच हवं, आणि ते मीच करू शकतो. काही प्रकरणांतच तो त्याचा माग काढणाऱ्या, गुन्हेगार नसलेल्या माणसांनाही मारतो. कारण मात्र तेच राहतं. ‘कुणीतरी करायलाच हवं’ हे वाक्य आपणही बोलतो. घरात, कामावर, कुणाला टाकून बोलण्याआधी. तुमची अशी वाक्यं कोणती, हे शोधायला लाइटइतका चांगला आरसा मला दुसरा सापडलेला नाही.

सहावी पायरी: प्रसंग आपल्या दिवसात नेमका कुठे येतो

आता वहीतला प्रसंग आणि तुमचा आठवडा शेजारी ठेवा. ‘मी अधिक संवेदनशील होईन’ असं लिहायचं नाही. विचारायचं ते हे: हाताला काहीतरी लागलंय आणि मी तसाच पुढे जातोय, असं माझ्या दिवसात कधी होतं? कुठल्या वेळी? कुणासोबत?

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात ‘जर-तर’ पद्धतीचे संकल्प मांडले. नुसतं ‘मी हे करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक वेळ आली, तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलं की ते हातून होण्याची शक्यता वाढते, असं त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून पुढे आलं. कारण समजायला सोपं आहे: ऐन वेळी विचार करावा लागत नाही, वेळ समोर आली की ती स्वतःच आठवण करून देते. आपल्याकडे प्रसंग आहेच, त्याचा अर्धा भाग म्हणजे हा ‘जर’.

माझ्या वहीत नदीच्या देवाच्या प्रसंगाखाली असं लिहिलेलं आहे: ‘जर तो बैठकीत पुन्हा चिडला, तर बैठक संपल्यावर त्याच्या टेबलाशी जाऊन एवढंच विचारायचं, काय झालंय?’ एक ओळ, एक माणूस, एक वेळ.

आणखी एक उदाहरण देतो, कारण सगळे धडे काहीतरी करायला सांगणारे नसतात. १९८९ सालच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये तेरा वर्षांच्या किकी या चेटकिणीला एके दिवशी उडताच येईनासं होतं. झाडू चालत नाही, मांजराचं बोलणं कळत नाही. जंगलात राहणारी चित्रकार उर्सुला तिला सांगते की तिचंही असं झालं होतं. अशा वेळी उर्सुला आधी चित्रं काढतच राहते, आणि तरीही नाही जमलं तर चित्र थांबवते. फिरायला जाते, डोंगर बघते, दुपारी झोपते, काहीच करत नाही. मग कधीतरी पुन्हा हात शिवशिवतात. यावरचं ‘जर-तर’ असं होईल: ‘जर सलग तीन दिवस लिहायला बसून एकही ओळ झाली नाही, तर चौथ्या दिवशी वही न उघडता चालायला जायचं.’ विश्रांतीसुद्धा ठरवून घ्यावी लागते, निदान माझ्यासारख्याला.

एका वेळी एकच ‘जर-तर’ ठेवा. दोन ठेवले की दोन्ही राहतात.

सातवी पायरी: आठवड्याने पान उघडा

सात दिवसांनी पान उघडून फक्त दोन गोष्टी नोंदवा: ती वेळ आली का, आणि आल्यावर काय केलं. वेळच आली नसेल तर ‘जर’ चुकलंय, दुसरा शोधा. वेळ आली आणि तुम्ही ‘इकिरू’मधल्या त्या कारकुनासारखे उभे राहून पुन्हा बसलात, तर तसंच लिहा. स्वतःला दोष देत बसू नका, पण कशाने बसवलं ते मात्र लिहा. सगळे बघत होते म्हणून? शब्द सुचले नाहीत म्हणून? तिथूनच पुढचं, आणखी लहान पाऊल मिळतं.

याच सुमारास कुणाशी तरी बोलायला हवं. ज्याने तीच गोष्ट पाहिलीय अशा एकाला विचारा, तुझ्या मनात कुठला प्रसंग राहिला? शक्यतो आपला आधी सांगू नका. माझ्या एका मैत्रिणीच्या मनात ‘स्पिरिटेड अवे’मधून राहिलेला प्रसंग निराळाच होता: पाण्यावरून जाणाऱ्या त्या आगगाडीत चिहिरो गुपचूप बसून राहते, तो. तिच्या आयुष्यात तेव्हा धावपळीचा काळ चालू होता आणि काही न करता वाट बघणाऱ्या त्या मुलीकडे बघून तिला रडू आलं होतं. सिनेमा एकच होता, आणि आम्ही दोघं त्यातून निराळ्या गोष्टी घेऊन निघालो होतो. दुसऱ्याचा प्रसंग ऐकला की आपला प्रसंग आपलाच का, हे जास्त स्पष्ट होतं.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. एखाद्या प्रसंगाने जुनी जखम उघडली, झोप उडाली, तेच तेच मनात घोळायला लागलं, तर वही मिटा आणि माणसाकडे जा, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे. ‘अ सायलेंट व्हॉइस’मध्ये आत्महत्येचा विषय थेट येतो. अशी गोष्ट एकट्याने, रात्री, मन खचलेलं असताना बघू नका. गोष्टी सोबत करतात, पण उपचाराची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

आठवी पायरी: समोरचं पान रिकामं ठेवा

प्रत्येक प्रसंग डाव्या पानावर लिहा, उजवं पान कोरं सोडा. वर तारीख घाला. मग वर्ष-दोन वर्षांनी तीच कलाकृती पुन्हा बघा आणि जुनं पान न वाचता कोऱ्या पानावर नव्याने लिहा.

गोष्ट तीच असते, पण आपण दुसरीकडेच उभे असतो. सोळाव्या वर्षी नायकाचा राग आपला वाटतो, पुढे त्याच्या आईचं दारात थांबणं दिसायला लागतं. जे पात्र तेव्हा कंटाळवाणं वाटलं होतं, तेच कधीकधी सर्वांत शहाणं निघतं. दोन्ही पानं शेजारी ठेवली की या मधल्या काळात आपलं काय झालं हे दिसतं, आणि तेही आपल्याच अक्षरात.

माझ्या ‘स्पिरिटेड अवे’च्या डाव्या पानावर नदीचा देव आहे, आणि त्याखाली नंतर जोडलेली एक ओळ: ‘विचारलं. त्याची आई आजारी होती.’ उजव्या पानावर, तीन वर्षांनंतरच्या तारखेखाली, शेवटचा प्रसंग आहे. चिहिरोच्या आई-बाबांची सुरुवातीलाच डुकरं झालेली असतात, आणि आता डुकरांची रांग उभी आहे. यातले तुझे आई-बाबा कोणते ते ओळख, असं चिहिरोला सांगितलंय, आणि एकच संधी आहे. ती रांगेकडे नीट बघते. मग म्हणते, यात ते नाहीतच. या प्रसंगाखाली ‘जर’ एवढंच लिहून झालंय. पुढची जागा अजून मोकळी आहे.